अपघात एका क्षणाचा, सावरणे वर्षभराचे

दुचाकीचा अपघात एकाला होतो, पण त्यातून सावरावे लागते ते साऱ्या घराला. अशा वेळी कशाची घाई करावी आणि कशाची मुळीच करू नये, हे आधी ठाऊक असेल तर पुढचे कितीतरी हाल टळतात.

जुलै २०२२ मधील एक पावसाळी संध्याकाळ. मुंबईतील कार्यालयातून निघण्याची आवराआवर चालली होती, तोच मिरजेहून वहिनीचा फोन आला, "वन्सं, हे गाडीवरून पडलेत. शुद्धीवर आहेत, पण पायाचं काही खरं दिसत नाही. तुम्ही लगेच निघा."

मिळेल त्या बसने रातोरात मिरज गाठले. दादा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर आहे. पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत असताना आडव्या रस्त्याने आलेला एक टेम्पो इशारा न देता अचानक वळला आणि त्याच्या धडकेने दादा रस्त्यावर फेकला गेला. डाव्या पायाची नडगी मोडून हाड कातडीबाहेर आले होते. हेल्मेटला कानापासून मागपर्यंत तडा गेला होता. हेल्मेट नसते तर तो तडा कुठे गेला असता, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

अपघात घडायला दोन-तीन सेकंद लागले असतील. आमचे घर पुन्हा नीट उभे राहायला मात्र वर्षाहून अधिक काळ गेला. आज मागे वळून पाहताना जाणवते की, जिथे घाई करायची तिथे आम्ही रेंगाळलो आणि जिथे थांबायचे तिथे घाई करायला निघालो होतो. बहुतेक घरांत असेच होते. उपचार आणि कागदपत्रे यांत दिरंगाई नको. तडजोड, कामावर परतणे आणि एकमेकांना दोष देणे यांत घाई नको. एवढे एक सूत्र जरी लक्षात ठेवले तरी बरेच काही साधते.

असले प्रसंग दुसऱ्यांच्या घरी घडतात, असे आपल्या सर्वांनाच वाटत असते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्या जखमींपैकी एक आमचा दादा.

पहिला तास

दादाला रुग्णालयात पोचवले ते एका भाजीविक्रेत्याने. आपली हातगाडी शेजाऱ्याच्या हवाली करून त्याने रिक्षा थांबवली, दोघा-तिघांच्या मदतीने दादाला आत घेतले आणि वहिनी येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. नंतर नाव न सांगताच निघून गेला. पुढे आम्ही त्याला शोधून काढले तेव्हा म्हणाला, "पोलिसांत नाव गेलं की खेपा घालाव्या लागतात, म्हणून थांबलो नाही."

ही भीती आजही अनेकांच्या मनात घर करून आहे. वस्तुतः कायदा केव्हाच बदलला आहे. मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक झाली तरी, खटला भरता येत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही, हेही तोच ठरवतो. गंभीर जखमीला वेळेवर पोचवणाऱ्यासाठी सरकारने बक्षीसही ठेवले. २०२५ मध्ये त्याची रक्कम ५,००० रुपयांवरून २५,००० रुपये करण्यात आली.

मदत करताना काही गोष्टी मात्र माहीत हव्यात. प्रथम ११२ वर, किंवा बहुतेक राज्यांत १०८ वर फोन करावा. गाडीची चावी फिरवून इंजिन बंद करावे. जखमी माणूस वाहतुकीच्या मधोमध किंवा आगीजवळ नसेल तर त्याला ओढून उभे करण्याचा अट्टहास करू नये; मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली असेल तर त्या ओढाताणीने कायमचे अपंगत्व येऊ शकते. हेल्मेटही उगाच काढू नये. श्वास अडत असेल, उलटी होत असेल तरच काढावे आणि तेही दोघांनी मिळून. एकाने मान व हनुवटी स्थिर धरावी, दुसऱ्याने हेल्मेट हळूहळू वर ओढावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. आणि आपल्याकडची हमखास सवय म्हणजे पाणी पाजणे, ते टाळावे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकते, आणि शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर पोट रिकामे असलेले बरे.

रुग्णालयाच्या दारात

'ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या', हे वाक्य ऐकावे लागलेली कुटुंबे कमी नाहीत. असे सांगणे कायद्याला धरून नाही. एका जखमी स्कूटरस्वाराला डॉक्टरांनी अशाच कारणाने सुमारे वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात धाडले आणि तो वाटेतच दगावला, अशी बातमी वृत्तपत्रात आली होती. त्यावरून गेलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी; पोलिसी सोपस्कार नंतर.

पैशाची चिंताही आता थोडी हलकी झाली आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमलेल्या रुग्णालयांत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. दादाच्या वेळी ही सोय नव्हती. अनामत रक्कम भरण्यासाठी वहिनीला पहिल्याच रात्री बांगड्या काढून द्याव्या लागल्या होत्या. आपल्यावर अशी वेळ आलीच तर या योजनेची चौकशी भरती करतानाच करावी, बिल हातात पडल्यावर नव्हे.

याच वेळी आमच्या हातून एक चूक घडली. रुग्णालयाच्या नोंदवहीत अपघाताची हकीकत लिहून घेणाऱ्याने विचारले, "काय झालं?" घाबरलेल्या वहिनीने मला फोनवर सांगितले होते तेच तिथेही सांगितले, "गाडीवरून पडले." झाले! नोंद पडली, 'मोटारसायकलवरून घसरून पडल्याने इजा'. टेम्पोचा त्यात उल्लेखच नाही. दीड वर्षाने विमा कंपनीच्या वकिलाने नेमके हेच वाक्य न्यायाधिकरणापुढे वाचून दाखवले. सुदैवाने रात्री दादाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्याच तोंडून हकीकत ऐकून केसपेपरवर टेम्पोच्या धडकेची नोंद केली होती, म्हणून निभावले.

तेव्हा पहिली हकीकत सांगताना दोन श्वास घ्या. कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता, कशी धडक दिली हे सांगा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. काय लिहिले ते वाचून घ्या आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचा क्रमांक, ज्याला रुग्णालयात एमएलसी नंबर म्हणतात, टिपून ठेवा.

न दिसणारी इजा

मोडलेला पाय सर्वांना दिसतो. डोक्याची व पोटाची इजा लगेच दिसेलच असे नाही. 'मला काही झालेलं नाही' म्हणत उठून घरी गेलेला माणूस रात्री अत्यवस्थ होतो, ते यामुळेच. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे किमान एक-दोन दिवस कोणीतरी सोबत असावे. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांत फरक, कान किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पोट ताठ होणे, दुखणे वाढणे, घाम येऊन अंग गार पडणे ही आतल्या रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात.

प्लास्टर घातल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर बोटे निळी, गार वा बधिर पडली, औषध देऊनही वेदना वाढतच गेल्या, तर तातडीने डॉक्टरांना बोलवावे. 'प्लास्टर आहे, दुखणारच' असे म्हणून रात्र काढू नये. आतल्या दाबाने स्नायू आणि नसा कायमच्या निकामी होऊ शकतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पोटरी सुजली, किंवा त्याला एकाएकी धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी.

फिर्याद: इथे आमचा उशीर झाला

रुग्णालयातून पोलिसांना वर्दी गेली म्हणजे आपले काम झाले, अशी आमची समजूत होती. त्यात अण्णा म्हणत, "आधी पोरगं बरं होऊ दे, पोलीस कुठं पळून जातात?" परिणामी फिर्याद नोंदवायला अकरा दिवस लागले. तोवर टेम्पोचा चेपलेला पत्रा ठोकून, रंगवून झाला होता. रस्त्यावरच्या खुणा तर दुसऱ्याच दिवशीच्या पावसाने धुऊन नेल्या होत्या.

आपण ही चूक करू नका. जखमीजवळ एकाने थांबावे, दुसऱ्याने पोलीस ठाणे गाठावे. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. घटनास्थळाची व दोन्ही वाहनांची छायाचित्रे, समोरच्या वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव, पाहणाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत गोळा करावी. जवळपासच्या दुकानावर कॅमेरा असेल तर दुकानदाराला लगेच भेटावे. ते चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. रक्ताळलेले कपडे व तडकलेले हेल्मेट फेकून देऊ नये. विम्याचा पाहणी अधिकारी येण्यापूर्वी आपली गाडी दुरुस्तीला टाकू नये.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे अधूनमधून विचारत राहण्यात संकोच नको.

"मिटवून टाकू या"

तिसऱ्या दिवशी टेम्पोचा मालक शहाळी घेऊन भेटायला आला. माणूस वाईट नव्हता. "चालक गरीब आहे, कोर्टकचेरीत दोघांचंही नुकसान," असे म्हणत त्याने पंचवीस हजारांचे पाकीट पुढे केले आणि सोबत एक टंकलिखित कागद. 'आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही' असा त्यातला मजकूर होता. रुग्णालयाचे बिल चढत होते. अण्णांनी पेन हातात घेतलेही.

नेमके त्याच वेळी आमच्या शेजारचे काका भेटायला आले होते. न्यायालयात बेलीफ म्हणून तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. ते शांतपणे म्हणाले, "अण्णा, पाय कसा जुळतो हे अजून डॉक्टरलाही ठाऊक नाही. तुम्ही त्याची किंमत आज कशी ठरवता?"

अण्णांनी पेन खाली ठेवले. पाच महिन्यांनी काकांचे म्हणणे खरे ठरले. हाड जुळलेच नाही. कमरेचे हाड काढून तिथे बसवण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. एकट्या त्या शस्त्रक्रियेला पाकिटातल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च आला आणि डावा पाय दोन सेंटीमीटर आखूड राहिला तो राहिलाच.

तडजोड करूच नये, असे मुळीच नाही. आमचा दावाही अखेर लोक अदालतीत समझोत्यानेच सुटला. पण तो केव्हा? पाय किती बरा होणार हे कळल्यानंतर. समोरच्याने दिलेल्या प्रत्येक कागदावर 'वाचून सांगतो' एवढे दोनच शब्द बोलावेत. वॉर्डात येऊन 'मिळेल त्यात निम्मे' म्हणणाऱ्या दलालांनाही हेच उत्तर द्यावे. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांना नियमानेच मना आहे. ऐपत नसलेल्यांना, तसेच उत्पन्नाचा विचार न करता स्त्रिया, अपंग व औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

पैसा कुठून मिळू शकतो?

मुख्य मार्ग म्हणजे ज्याच्या चुकीने अपघात झाला त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून नुकसानभरपाई मागणे. त्यासाठी कलम १६६ खाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी या अर्जाला मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आली. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला, तरी त्या भरवशावर राहू नये. सहा महिने म्हणता म्हणता सरतात; त्यातले चार तर अंथरुणातच जातात. आम्ही पाचव्या महिन्यात अर्ज दिला तो काकांनी मागे लागल्यामुळे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. राहायला बडोद्यात किंवा इंदूरला आणि अपघात झाला गावी जाताना साताऱ्याजवळ, असे झाले तर दाव्यासाठी साताऱ्याला खेपा घालण्याची गरज नाही. अपघात घडला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, अथवा प्रतिपक्ष राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

चूक कोणाची हे सिद्ध करणे कठीण असेल तर कलम १६४ आहे. त्यात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये, चूक सिद्ध न करताही मिळू शकतात. दोन्हींपैकी कोणता मार्ग धरायचा, हे वकिलाशी बोलून ठरवावे. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्या कार्यालयात चौकशी करून द्यावा.

आपल्या स्वतःच्या पॉलिसीत गाडीमालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो मृत्यू किंवा हात-पाय-डोळा गमावण्यासारख्या कायमच्या अपंगत्वासाठी आहे, साध्या अस्थिभंगासाठी नव्हे. आणि मालकाजवळ वैध परवाना हवाच. मित्राची गाडी मागून नेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांसाठी, कामावर जाता-येता झालेला अपघात काही अटींवर कामावरची इजा मानण्याची तरतूद २०१० मध्ये झाली. दादाचे वेतन त्या योजनेच्या मर्यादेबाहेर होते. पण आपल्या घरी कोणी सभासद असेल तर जरूर चौकशी करा.

अपंगत्वाच्या टक्केवारीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. दाखल्यावर डॉक्टर जी टक्केवारी लिहितात, तेवढेच कमाईचे नुकसान धरले जाते असे नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक उलगडून सांगितला. हात गमावला तर चालकाचा किंवा सुताराचा धंदाच बुडतो. कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या दादाच्या बाबतीत आखूड झालेला पाय म्हणजे काय, हे म्हणूनच त्याच्या कारखान्यातील पर्यवेक्षकाने न्यायाधिकरणापुढे सांगितले.

वहिनीची वही

या सगळ्यात आम्हांला सर्वांत जास्त तारले ते एका दोनशेपानी वहीने. दुसऱ्याच दिवशी वहिनीने पुतणीच्या दप्तरातली कोरी वही काढली आणि तीत लिहायला सुरुवात केली. तारीख, डॉक्टर काय म्हणाले, कोणते औषध, किती रुपये, रिक्षाला किती, कोणाकडून उसने किती. प्रत्येक पावतीवर क्रमांक आणि तोच क्रमांक वहीत. औषधांच्या पावत्यांची छपाई काही महिन्यांत फिकी पडते, म्हणून तिने सगळ्यांच्या झेरॉक्स प्रती करून ठेवल्या होत्या. क्ष-किरण चित्रे, डिस्चार्ज कार्ड, कारखान्याकडून बुडालेल्या पगाराचा दाखला, सारे एका पिशवीत.

दीड वर्षाने वकिलांनी रिक्षाच्या भाड्याचा हिशेब मागितला तेव्हा वहिनीने वही पुढे ठेवली. वकील म्हणाले, "माझ्याकडे शिकलेली माणसंही पावत्यांचा नुसता गठ्ठा घेऊन येतात."

पण त्या वहीत एक खर्च कुठेच लिहिलेला नव्हता. दादाला उठवणे, बसवणे, पुसून काढणे, रात्री दोनदा उठून पाय हलवून देणे, हे सारे करता यावे म्हणून वहिनीने आपली शिवणकामाची कामे वर्षभर बंद ठेवली होती. तिच्या त्या बुडालेल्या कमाईबद्दल तिने चकार शब्द लिहिला नव्हता. वकिलांनीच तो तिला लिहायला लावला, कारण जखमीची शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या कष्टांचाही भरपाईत विचार होतो.

घरातल्या स्त्रीच्या श्रमांचे मोल न्यायालयांनीही हळूहळूच ओळखले. दिल्लीत २०१४ मध्ये मोटारसायकलवरून जाणारे एक दांपत्य मोटारीच्या धडकेने दगावले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, गृहिणी 'काहीच कमवत नाही' ही समजूतच चुकीची ठरवली. देशातील स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, या २०१९ च्या सरकारी पाहणीचा त्या निकालात आधार घेतला होता. तेव्हा जखमी झालेली व्यक्ती गृहिणी असेल तर 'तिचा पगार कुठे बुडाला?' असे कोणालाही म्हणू देऊ नका.

हाड जुळते, मन?

चौथ्या महिन्यापासून दादा चिडचिडा झाला. पुतणीच्या हातून पेला पडला तरी अंगावर ओरडे. रात्री दचकून उठे. घराबाहेर टेम्पोचा आवाज आला की मान आखडून घेई. आम्ही म्हणायचो, "अरे, जीव वाचला हे काय कमी आहे?" आता वाटते, हे वाक्य आम्ही वारंवार म्हणायला नको होते. ज्याला शौचालयापर्यंत दुसऱ्याच्या खांद्यावर जावे लागते, त्याला वाचलेला जीव ओझे वाटू शकतो. त्यातून येणारे-जाणारे विचारत, "वेग किती होता रे?" जणू चूक त्याचीच.

अपघातानंतर काही आठवडे झोप उडणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते कमी झाले नाही, माणूस कोणाशी बोलेनासा झाला, निराशेची भाषा करू लागला, तर तो हाडांइतकाच उपचार मागणारा आजार समजावा. २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते. दादाला बोलते केले ते त्याच्या व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टने. "रोज गुडघा किती वाकला ते भिंतीवर लिहा," असे तिने सांगितले. पुतणीने कपाटाशेजारी खडूने आकडे लिहायला सुरुवात केली. चाळीस, पंचेचाळीस, साठ. आकडा वाढू लागला तसतसा घरातला आवाज खाली आला.

कामावर परतण्याची घाई इथेही नडली असती. 'नोकरी जाईल' या धाकाने दादा सहाव्या महिन्यातच निघाला होता. डॉक्टरांनी थांबवले. अखेर त्याच कारखान्याने त्याला बसून करायचे तपासणीचे काम दिले. त्यासाठी अर्ज करायला हवा हे त्याला सुचले नव्हते. विचारल्यावर मात्र व्यवस्थापनाने नाही म्हटले नाही.

आणि शेजारधर्माबद्दलही थोडे. भेटायला येणारे खूप होते, पण खरी मदत झाली ती तिघांची. एकीने महिनाभर पुतणीला शाळेत पोचवले, दुसरीने रात्रीचा डबा दिला आणि काकांनी कागद सांभाळले. कोणाच्या घरी अपघात झाला असेल तर 'काही लागलं तर सांगा' म्हणण्यापेक्षा एखादे काम आपणहून उचलावे.

आजच करावे असे

हे सारे वाचून झाल्यावर एक छोटे काम करा. घरात जितक्या दुचाकी असतील तितक्या कागदांवर चालवणाऱ्याचे नाव, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहून एकेक कागद त्याच्या परवान्यासोबत ठेवा. गाडीचा विमा कधी संपतो ते पाहा. चुकून आपल्या गाडीने कोणाला इजा झाली तर त्या घरालाही त्याचाच आधार असणार आहे. आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घ्या. एकदा आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये.

दादाचे ते तडकलेले हेल्मेट दाव्याचा निकाल लागेपर्यंत माळ्यावर होते. २०२४ मध्ये लोक अदालतीत दावा मिटल्यावर वहिनीने ते खाली काढले, पुसले आणि टाकून दिले. दादा आता पुन्हा गाडी चालवतो, पण पाऊस असला की कारखान्याच्या बसने जातो आणि त्याबद्दल त्याला कोणी हसत नाही.

दोनशेपानी वही मात्र अजून कपाटात आहे. गेल्या दिवाळीत मी ती चाळली. पावत्या, औषधे, उसनवारी असे पानामागून पान हिशेबच हिशेब. शेवटच्या नोंदीपुढे तेवढा रुपयांचा आकडा नाही. वहिनीने लिहिले आहे, 'आज हे दूध आणायला गेले. एकटे, चालत.'